मनगट धरून

ग्रीक भाषेत ‘खोरा’ म्हणजे शेतशिवार, शहराबाहेरचा मुलूख. इस्तंबूलमधल्या खोरा चर्चची जागा एकेकाळी खरंच कॉन्स्टंटिनोपलच्या तटाबाहेर होती. पाचव्या शतकात नवी तटबंदी झाली, जागा शहरात आली, नाव तेच राहिलं.

वास्तू एकट्या कुणाची नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस मारिया दुकैनाने चर्च नव्याने बांधलं. पुढच्या शतकात तिच्या नातवाने, आयझॅक कोम्निनोसने, त्याचा मोठा भाग पुन्हा उभारला. १३१५ ते १३२१च्या सुमारास सम्राटाचा मंत्री आणि विद्वान थिओडोर मेटोकाइट्सने डागडुजी केली, दर्शनी दालनं आणि दक्षिणेचं लांबट दालन सजवलं. आतल्या दारावर त्याने स्वतःलाही मोझेइकमध्ये बसवलं: डोक्यावर भलीमोठी टोपी, गुडघे टेकलेले, हातात ख्रिस्ताला अर्पण करायला चर्चची छोटी प्रतिकृती.

फोनवर झूम करून हे चित्र पाहिलं तेव्हा मला हसू आलं. केवढी हौस! मग पुढचं वाचलं. १३२८मध्ये सत्तापालट झाला, त्याचं घर लुटलं गेलं, त्याला हद्दपार केलं. दोन वर्षांनी तो परतला, याच मठात भिक्षू झाला आणि १३३२मध्ये वारला. म्हणजे शेवटची दोन वर्षं तो त्या टोपीवाल्याखालून साध्या वेषात जात-येत असणार.

मी दोन वर्षं ज्या अ‍ॅपवर काम केलं ते एका मेलने बंद झालं. आता कोणाच्याच फोनमध्ये नाही. त्यामुळे टोपीवाल्याला हसणं तिथेच थांबलं.

दक्षिणेच्या दालनात एक भित्तिचित्र आहे. ख्रिस्त आदम आणि हव्वेला थडग्यांतून ओढून काढतोय. त्याने त्यांचे हात धरलेले नाहीत, मनगटं धरली आहेत. हात धरायला दोघांना जोर लावावा लागतो. मनगट धरलं की एकाचा पुरतो.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चची मशीद झाली, पुढे चित्रं झाकली गेली. १९४८पासून अमेरिकन संशोधकांनी दहा वर्षं खपून ती उघडी केली. १९५८मध्ये तिथे संग्रहालय झालं, २०२४मध्ये पुन्हा नमाज सुरू झाली. चित्रं अजून आहेत.

ती वाचवणाऱ्यांपैकी एकालाही मेटोकाइट्स ओळखत नव्हता.