एका सहीचा भरवसा

माणूस कशावर विश्वास ठेवील याचा काही नेम नाही. दूधवाल्याच्या मापाकडे जो संशयाने पाहतो, भाजीवालीची तागडी जो दोनदा निरखतो, तोच गृहस्थ एखाद्या पहाटे डोळे चोळीत उठतो आणि ज्यांचे नावगावही ठाऊक नाही अशा माणसांच्या हाती जीव सोपवून जमिनीपासून पस्तीस हजार फुटांवर जाऊन बसतो. एवढेच नव्हे, तर तेथे चक्क घोरू लागतो! एस. टी. त निदान ड्रायव्हर दिसतो. त्याची मान डुलू लागली तर मागून खाकरता येते. आगगाडीत ओढायला साखळी असते. विमानात खाकरून उपयोग नाही आणि साखळी तर नाहीच. तेथे असतो तो केवळ भरवसा.

हा भरवसा आमच्या घरात गेल्या वर्षी पार डळमळला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले विमान उड्डाण होते न होते तोच कोसळले. आतल्या २४२ माणसांपैकी २४१ गेली, एकटा एक वाचला. जमिनीवरची बिचारी माणसे गेली ती वेगळीच. त्या अपघाताचा निवाडा करणे हे माझ्यासारख्याचे काम नव्हे. मी सांगतो आहे ते त्यानंतरच्या आठवड्यांचे. एरवी आतल्या पानावर चार ओळींत मावणाऱ्या बातम्या एकाएकी पहिल्या पानावर येऊन बसल्या. आज कुठले विमान अर्ध्या वाटेवरून परतले, उद्या कुठल्याचे उड्डाणच रद्द झाले. आणि प्रत्येक बातमीत तेच दोन शब्द : तांत्रिक बिघाड. पूर्वी ज्याप्रमाणे 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिले की सगळे आले, त्याप्रमाणेच या दोन शब्दांतही सगळे येते आणि काहीच कळत नाही.

इतरांना या बातम्या नुसत्या वाचायच्या होत्या, आमच्या घरी मात्र त्या अंगावर येत होत्या. आमची मुलगी अमेरिकेत सिॲटलला असते. भाद्रपदात तिची तारीख होती. पहिले बाळंतपण, आणि तिकडे हाताखाली माणूस नाही. घरी माझी नव्वदीची आई असल्यामुळे मला हलता येत नव्हते, तेव्हा सौ. ने एकटीनेच जायचे ठरले होते. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा यांच्या पुड्या बांधून झाल्या होत्या. झबली, टोपडी शिवून झाली होती. आणि एका सकाळी वर्तमानपत्र खाली ठेवून ती म्हणाली, "मी नाही जायची."

"अगं, पण पोरीचं काय?"

"तेच तर. तिला या वेळी आई हवी, आईची बातमी नको."

यावर काय बोलावे? पुरुषाला अशा वेळी आकडे आठवतात. मी तिला सांगितले, की अमेरिकेतील एम. आय. टी. या विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब मांडला आहे. १९६८ ते १९७७ या काळात साऱ्या जगात विमानात पाऊल टाकणाऱ्या दर साडेतीन लाखांत एकाचा मृत्यू होई. २०१८ ते २०२२ या काळात ते प्रमाण १ कोटी ३७ लाखांत एक इतके खाली आले. म्हणजे भीती वाढली असली, तरी धोका चांगला तिसाहून अधिक पटींनी घटला आहे.

तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या एकात आपण नसू, हे कुणी लिहून दिलंय?"

मी गप्प बसलो. कारण आकड्यांचा हा गुण मलाही ठाऊक आहे, की ते लाखांचे समाधान करतात आणि एकाला उघडा टाकतात. १ जानेवारी १९७८ ची रात्र मला अजून आठवते. आम्ही तेव्हा वांद्र्यास राहत होतो आणि मी कॉलेजात होतो. सांताक्रूझहून दुबईला निघालेले 'सम्राट अशोक' हे प्रचंड विमान दोन मिनिटांच्या आत समुद्रात पडले. २१३ माणसे होती, एकही वाचले नाही. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर माणसांची रांग लागली होती. समुद्र नेहमीसारखाच होता. लोक मात्र त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होते, की जणू तो काही सांगणार आहे. पुढे चौकशीत उलगडले ते असे : विमान समतल आहे की कलले आहे हे कप्तानाला दाखवणारे यंत्रच बिघडले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिजाचा पत्ता नाही. अशा वेळी डोळ्यांपुढचा काटा खोटे बोलला, आणि माणसाने त्याच्यावर विश्वास ठेवला. आमच्या गल्लीत त्यानंतर कित्येक दिवस आकाशात घरघर ऐकू आली की माणसे बोलता बोलता थांबत. ती काही अडाणी माणसे नव्हती.

असो. आमच्या घरातला हा तिढा सुटला तो माझ्या भाच्यामुळे. तो विमानांच्या देखभालीचा अभियंता आहे. जग झोपते तेव्हा याचा दिवस सुरू होतो. विमाने रात्री मुक्कामाला येतात, त्यांना तपासून, दुरुस्त करून पहाटे पुन्हा वाटेला लावायचे. त्यामुळे हा आमच्याकडे येतो तो भलत्याच वेळी, आणि सकाळी नऊ वाजता आमटीभात जेवतो. तसाच तो एका सकाळी आला. मामीचा चेहरा पाहून त्याने सारे ओळखले.

मला वाटले होते, की तो तिची समजूत घालील. पण त्याने उलट एक भयंकर गोष्ट सांगायला घेतली. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडहून सुटलेले एक बोइंग विमान सोळा हजार फुटांवर असताना त्याच्या कुशीतला एक तुकडा सुटून बाहेर उडाला. दाराची जागा बंद करणारे ते एक मोठे झाकण होते. आत १७७ माणसे. सुदैव असे, की त्या भगदाडाशेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. विमान सुखरूप उतरले, सगळी माणसे वाचली. विमान जुने असेल म्हणावे, तर ते कारखान्यातून ताब्यात मिळून तीन महिनेही झाले नव्हते!

"मग झालं काय होतं?" मी विचारले.

"चार बोल्ट नव्हते, मामा. सैल नव्हते, तुटलेही नव्हते. घातलेच नव्हते." त्याने भातावर तूप घेतले. "कारखान्यात शेजारचे रिव्हेट दुरुस्त करायला ते झाकण उघडलं होतं. काम झालं, झाकण परत लावलं, बोल्ट राहिले. पण माणसाकडून राहायचंच. आमच्या धंद्यात ते धरूनच चालतात. खरी गोष्ट पुढंच आहे. झाकण उघडल्याची नोंदच कुणी केली नाही. नोंद नाही, म्हणून तपासणी नाही. तपासणी नाही, म्हणून सही नाही. कागदावर ते झाकण कधी उघडलंच नव्हतं. मग बोल्ट शोधणार कोण आणि कशाला?"

मी तीस वर्षे कचेरीत कागद लिहिण्यात घालवली. 'कागदी घोडे' या शब्दाचा मार आम्ही कारकुनांनी जन्मभर खाल्ला आहे. तेव्हा एका न लिहिलेल्या ओळीने विमानाला भगदाड पडते हे ऐकून माझे कान टवकारले असतील, तर वाचकांनी समजून घ्यावे.

भाचा सांगत गेला. विमानातले काय बिघडले असता उडता येते आणि काय बिघडले असता मुळीच उडता येत नाही, याची छापील यादी असते. काही बिघाड तीन दिवसांत, काही दहा दिवसांत दुरुस्त झालेच पाहिजेत, अशी मुदत ठरलेली असते. विमानाचे सुकाणू फिरवणाऱ्या भागांसारखे नाजूक काम एकाने केले, तर दुसऱ्याने ते स्वतंत्रपणे पाहायचे आणि दोघांनी सह्या करायच्या. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खाच असते. रिकामी खाच दिसली, की सारे काम थांबते.

"गेल्या पावसाळ्यात एक पाना सापडेना," तो म्हणाला. "विमान सोडायचं नाही असं मी सांगितलं. इंजिनाची झाकणं पुन्हा उघडली. दीडशे उतारू वर ताटकळलेले. एकानं तर खिडकीवरच्या मुलीला रडवलं म्हणे. दोन तासांनी पाना सापडला, आमच्याच एकाच्या रेनकोटच्या खिशात."

"म्हणजे दोन तास फुकट गेले की रे!" सौ. म्हणाली.

"फुकट कसे, मामी? पाना खिशात आहे हे नंतर कळलं. तो इंजिनात नाही, हे मला सही करण्याआधी कळायला हवं होतं."

त्या दिवशी तो निघून गेल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. लोक घाबरले की शहाणी माणसे त्यांना हसतात. पण विमानांचा इतिहास पाहिला, तर अनेकदा घाबरणाऱ्यांचेच बरोबर होते असे दिसते. जगातले पहिले प्रवासी जेट विमान, ते इंग्रजांचे 'कॉमेट'. १९५२ साली ते सुरू झाले तेव्हा साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. १० जानेवारी १९५४ रोजी त्यातले एक इटलीच्या एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले आणि ३५ माणसे गेली. विमाने थांबवली गेली. तज्ज्ञांनी सुचेल तेवढ्या सुधारणा केल्या, आणि खरे कारण हाती लागण्यापूर्वीच मार्चमध्ये ती पुन्हा उडू लागली. ८ एप्रिलला दुसरे विमान नेपल्सजवळ तसेच गेले. आणखी २१ माणसे!

त्यानंतर मात्र फार्नबरो येथे एका कॉमेटचे अख्खे धड पाण्याच्या टाकीत बुडवले. पाणी आत भरून दाब चढवायचा आणि उतरवायचा, जणू विमान उडते आहे आणि उतरते आहे. पाणी एवढ्यासाठी, की हवेच्या दाबाने ते धड फुटले असते तर बाँबसारखे चिंध्या होऊन उडाले असते आणि तड कुठून सुरू झाली हे कळलेच नसते. खरी उड्डाणे आणि टाकीतली मिळून तीन हजारांच्या वर झाली, तेव्हा ते फाटले. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली तर ती मोडते ना, तसाच धातूही थकतो, आणि दारे-खिडक्यांसाठी पाडलेल्या छेदांच्या कोपऱ्यांशी आधी थकतो, हे त्या टाकीने जगाला शिकवले. आज आपण निर्धास्त बसतो ते त्या ५६ माणसांच्या ऋणावर.

धडा मिळाला म्हणून तो कायमचा लक्षात राहतो असे मात्र नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात बोइंगचे एक नवे विमान समुद्रात गेले. त्या जातीची विमाने उडतच राहिली. पाच महिन्यांनी इथिओपियात दुसरे गेले. दोन्ही मिळून ३४६ माणसे. तेव्हा कुठे ती जगभर जमिनीवर आणली गेली. एल्बा आणि नेपल्सचीच ही गोष्ट, पासष्ट वर्षांनी पुन्हा घडलेली. म्हणून मला वाटते, लोकांच्या भीतीला कोणी हसू नये. तिला फक्त नीट प्रश्न विचारायला शिकवावे. 'विमान नवे आहे का?' हा प्रश्न खरा नव्हे, ते बोल्ट नसलेले विमान नवेच होते. 'वेळेवर सुटते का?' हा तर मुळीच नव्हे. बिघाड सापडला तेव्हा तो लिहिला का, लिहिणाऱ्याला कोणी दटावले का, आणि कारण कळण्यापूर्वी विमान पुन्हा उडवले का, हे विचारावे.

सौ. ने तिचा प्रश्न त्याच आठवड्यात भाच्याला फोनवर विचारला. "खरं सांग, तू तुझ्या आईला बसवशील का?"

तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, "मी सही केलेल्या विमानात बसवीन, मामी. आणि दुसऱ्याच्या सहीवर मी स्वतः बसतो. याहून जास्त मला लिहून देता यायचं नाही."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि आळिवाची पुडी बॅगेत ठेवली. मी काही विचारले नाही.

श्रावण सरता सरता ती निघाली. आत गेल्यावर तासाभराने तिचा फोन आला. विमानात काहीतरी बिघाड निघाला होता, उशीर होणार होता. लोक आरडाओरडा करीत होते, तो मला फोनमधूनही ऐकू येत होता.

"घाबरलीस का?" मी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "कुणीतरी बघतंय ना खाली. बघू दे सावकाश. पोरीला कळवा, वाट बघू नकोस म्हणावं, आई उशिरा येतेय."

विमान अडीच तास उशिरा सुटले. त्या रात्री धावपट्टीच्या कडेला, पावसात, कोण माणूस बॅटरी घेऊन त्याच्या पोटाखाली उभा होता, मला ठाऊक नाही. तिकिटावर त्याचे नाव छापत नाहीत. आमची नात आता पाळण्यात आहे, आणि तिच्या आजीच्या हातचे लाडू खाऊन तिची आई उठून हिंडूफिरू लागली आहे, एवढे त्याला कोणी सांगितले तर बरे होईल.