फॅन ओरडतो तेव्हा

निपाणी भागात फॅनच्या तक्रारी यायला लागतात त्या शिवरात्रीच्या आसपास. ऊन तापायला लागलेलं असतं, तंबाखूचे बोद वखारीकडं निघालेले असतात, साखर कारखान्यांचा हंगाम अजून पुरता उतरलेला नसतो आणि पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी संध्याकाळी हायवेवर तरंगत असते. अशा दिवसांत पिकअपवाला गाडी दारात लावतो आणि खाली उतरायच्या आधीच सांगतो, ‘मिस्त्री, फॅन लई ओरडायलाय बघा. बदलून टाका.’ संकेश्वर-हुक्केरीकडचा असला तर ‘फॅन भाळ सप्पळ माडतैत्री’. भाषा कुठलीही असो, निदान गाडीबरोबरच आलेलं असतं. आवाज फॅनचा, म्हणजे दोष फॅनचा.

मला हे निदान सहसा मान्य नसतं.

मोटारीत आता विजेवरचा फॅन असतो, गरम झालं की फिरतो, गार झालं की थांबतो. पण आपल्याकडच्या बोलेरोसारख्या पिकअपांत इंजिन लांबीच्या दिशेनं बसवलेलं असतं, त्याचं तोंड रेडिएटरकडं. त्यामुळं फॅन पट्ट्यावरच चालवणं सोयीचं पडतं. आता इंजिन जितकं पळेल तितका फॅन पळायला लागला तर पंचाईत. फॅनचा वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट ओढली जाते, पण त्याला लागणारी ताकद आठपट होते. ती ताकद डिझेलमधूनच येते. म्हणून मधे फॅन क्लच बसवतात. आत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं, कारण तापमान बदललं तरी त्याचा दाटपणा इतर तेलांइतका बदलत नाही. क्लचच्या तोंडावर दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती गुंडाळी पिळते, आतली झडप उघडते, तेल खाचांमध्ये शिरतं आणि फॅन इंजिनाला धरून फिरायला लागतो. हवा गार झाली की झडप मिटते, तेल मागं जातं, फॅन निसटून सावकाश फिरतो. ना वायर, ना सेन्सर. मला या वस्तूचं अजूनही कौतुक वाटतं.

यातून एक गोष्ट कळते. फॅन ओरडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला कुणीतरी ओरडायला लावलेलं असतं.

सकाळी पहिल्या स्टार्टला फॅन मिनिटभर घोंघावतो, त्याची तक्रार घेऊन येणारे बरेच. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरून खाचांत साठतं आणि स्टार्ट मारल्यावर ते मागं जाईपर्यंत फॅन पकडलेलाच राहतो. त्यांना चहा पिऊन या म्हणायचं, दुसरं औषध नाही. पण दिवसभर, सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीलासुद्धा घों घों चालू असेल तर बोनेट उघडायला हवं.

आधी मी आवाज ऐकतो. ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारा नुसता हवेचा घोंगाट वेगळा आणि आत खडे दळल्यासारखी कर्र वेगळी. कर्र असली तर बेअरिंगचा संशय. पातं फॅनभोवतीच्या काउलला घासत असेल तर टकटक येते, आणि अशा वेळी फॅनकडं न बघता आधी इंजिनाच्या माउंटिंगकडं बघावं. रबर बसलं की सगळं इंजिनच खाली येतं. शंका असेल तर पट्टा उतरवून क्षणभर स्टार्ट मारायचा. आवाज गेला तर पट्ट्यावरच्या मंडळींपैकी कुणीतरी चोर आहे. पण त्याच पट्ट्यावर वॉटर पंपही असतो, त्यामुळं हा प्रयोग अर्ध्या मिनिटापुरताच.

मग इंजिन बंद, चावी माझ्या खिशात. हा नियम पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो. जुने मिस्त्री चालत्या फॅनमध्ये गुंडाळलेला पेपर घालून क्लचची पकड बघायचे. माझ्या गॅरेजात तसलं काही चालत नाही. बंद इंजिनावर हातानं फॅन फिरवला की पुरेसं कळतं. थंड क्लच थोडा जड, एकसारखा, आत लोणी असल्यागत फिरावा. दगडासारखा अडला तर आतून लॉक झालाय. सुटून चारदोन फेरे फिरत राहिला तर तेल गेलंय, आणि असा क्लच नीट बघितला तर मधल्यापासून कडेकडं गेलेले तेलकट, धूळ चिकटलेले ओघळ दिसतात. पात्याचं टोक धरून पुढं-मागं हलवायचं. खुळखुळला तर बेअरिंग संपलं. पात्याला बारीक चीर दिसली तर ते चिकटवायचं नाही, फेकायचं. तुटलेलं पातं रेडिएटर फाडून बाहेर येतं.

तेल गेलेला फॅन आवाज करत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. ‘आधी ओरडायचा, आता गप झालाय, बरं झालं,’ असं सांगत आलेल्या गाडीची मला जास्त भीती वाटते. ती पुढं कुठंतरी घाटात वाफ सोडत उभी राहते.

आणि क्लच चांगला निघाला तर? तेव्हा त्याला सतत तापवतंय कोण हे शोधायला मी पुढं जाळीकडं वळतो. तंबाखू आणि ऊस वाहणाऱ्या गाडीत एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत हात घातला की बोटांना मऊ लागतं. तंबाखूचा चुरा, काजळी, उसाच्या भुश्श्याचे तंतू, पाखरांचे पंख, सगळं ओलसर होऊन दडपलेलं. कोपऱ्यातून धरून ओढलं की घोंगडं निघावं तसा अखंड थर हातात येतो, वर तपकिरी, आत काळा, आणि त्याला वखारीतला ठसका लावणारा वास. समोरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून ड्रायव्हर शपथेवर सांगतो की गाडी परवाच धुतलीय. धुतलेली असतेच, पण समोरून, वॉशिंग सेंटरच्या तोफेनं. त्यानं कचरा आणखी आत बसतो आणि रेडिएटरचे पातळ पंख आडवे होतात. पाणी इंजिनाच्या बाजूनं, हवेच्या उलट दिशेनं, साध्या नळीनं सोडायचं. वेळ लागतो.

आतल्या नळ्याही बघाव्या लागतात. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. कूलंट महाग म्हणून कुणी बाटलीभर पाणी ओततो, पुन्हा बाटलीभर, आणि क्षार नळ्यांत बसतो. रेडिएटरवर कुठं थंड पट्टा लागतो का, हे तापमान मोजायच्या बंदुकीनं कळतं. एका गिऱ्हाइकानं मला कोरोनातली कपाळावर धरायची बंदूक प्रेमानं आणून दिली होती. ती माणसाच्या तापापुरतीच. रेडिएटरसमोर धरली की नुसती चूक दाखवते. मग कारखान्यात वापरतात तसली घ्यावी लागली.

फॅन ‘डायरेक्ट’ करा, असं सांगणारेही असतात. म्हणजे क्लचला बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून तो कायमचा जोडून टाकायचा. रात्री रस्त्यात क्लच गेलाय, भाजी गोव्याच्या बाजारात पहाटे पोचायचीय, अशा वेळी मी स्वतः बोल्ट मारून गाड्या वाटेला लावल्यात. चोर्ला घाटाची उतरण एकदा लागली की इंजिनाला फारसा ताप नसतो, आणि येताना गाडी बहुतेक रिकामी. पण तसंच महिनोन्‌महिने चालवणारे बहाद्दर आहेत. दिवसभर विमानासारखा आवाज, डिझेलची नासाडी आणि सगळा भार वॉटर पंपाच्या बेअरिंगवर. आणि गंमत अशी की तोच माणूस पुढं पंप गेला म्हणून माझ्याकडं येतो तेव्हा कंपनीला शिव्या देतो.

काम झालं की चाचणी घाटात, तीही भरल्या गाडीनं. निपाणीहून बेळगावकडं निघालं की तवंदीचा घाट चढतो, आमची प्रयोगशाळा तीच. रिकाम्या गाडीवर हा आजार दिसतच नाही. गेल्या उन्हाळ्यात एका ड्रायव्हरला शेजारी बसवून असाच निघालो. जाळी साफ केलेली, क्लच जुनाच ठेवलेला. अर्ध्या चढात काटा थोडा वर सरकला आणि फॅन लागला, घों. तो दचकून म्हणाला, ‘परत आलं की मिस्त्री!’ मी म्हटलं, ‘येणारच. आता जातंय का तेवढं बघा.’ माथा गेला, गाडी सपाटीला लागली, काटा खाली आला आणि थोड्या वेळात आवाज विरला. आधी हेच होत नव्हतं. फॅन लागायचा तो निपाणीत परत येईपर्यंत लागलेलाच.

बिलावर मात्र अडलं. सामान काही बदललं नाही, मग मजुरी कसली, असा मालकाचा फोनवर सवाल. कूलंटचे पैसे तो द्यायला तयार होता, कारण कूलंटचा डबा दिसतो. शेवटी मी तो काढलेला थर पिशवीत भरून ड्रायव्हरबरोबर पाठवला आणि मालकाला सांगितलं, हे तुमचं जुनं सामान, मोजून घ्या. संध्याकाळी निम्मे पैसे आले. उरलेले पुढच्या खेपेला देतो म्हणालाय.