फाल्गुनातली शिंक

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला अपमान कळत नाही, असे मला अलीकडे अनेक वडीलधाऱ्या माणसांनी सांगितले, आणि सांगणाऱ्यांचे वय व हेतू ध्यानात घेऊन मी ते निमूटपणे ऐकूनही घेतले. परंतु ज्या सकाळी माझ्या मुलीला तिच्या बालवर्गाच्या फाटकाशी, सहलीची बस डोळ्यांसमोर उभी असताना, परत फिरवण्यात आले त्या सकाळी मी तिचा चेहरा पाहिला आहे, आणि तो पाहिल्यानंतर हे विधान मला मान्य होणे शक्य नाही. या गोष्टीला आता काही आठवडे लोटले, मुलगी ती विसरली असावी असे तिच्या हसण्याखेळण्यावरून दिसते. माझ्या मनातला सल मात्र जात नाही.

आमचे बिऱ्हाड पुण्यात, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी आहे. आम्ही उभयता नोकरीत, घरात माझी आई, आणि मनू सकाळचे तीन तास बालवर्गात, अशी आमची व्यवस्था. माघ सरता सरता मनूला शिंका सुरू झाल्या. सकाळी अंथरुणातून उठताच एकामागून एक शिंका, नाकातून पाण्यासारखा स्वच्छ प्रवाह, लाल झालेले डोळे, आणि तळहात नाकाच्या शेंड्यावर टेकवून तो खालून वर जोराने घासण्याची एक नवीच सवय. मग दुपारी सारे शांत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच क्रम. अंगात ताप नाही, भूक यथास्थित, खेळ अखंड. आईने प्रथम ओव्याची पुरचुंडी शेकली, मग वेखंड उगाळले, आणि अखेरीस निखाऱ्यावर ओवा टाकून खोलीत धुरी केली, तेव्हा शिंका दुपटीने वाढल्या. शेजारच्या काकूंनी टेकडीच्या वाटेवरल्या काटेसावरीवर ठपका ठेवला व तिच्या फुलांखाली मुलीला नेऊ नये अशी ताकीद दिली. इमारतीच्या रखवालदाराला गाजरगवताचा संशय. हे गवत १९५५ च्या सुमारास प्रथम पुण्यातच नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले, त्यामुळे त्याच्यावरचा आमच्या शहराचा राग जुना आहे, आणि त्याने अनेकांच्या त्वचेला व नाकाला त्रास होतो हेही खरे. पण त्याचा खरा भर पावसाळ्यानंतरचा असतो.

बालरोगतज्ज्ञांनी जे सांगितले ते ऐकून मला विलक्षण विस्मय वाटला, आणि तो अद्याप ओसरलेला नाही. काटेसावर, पळस, पांगारा ही जी झाडे वसंतात रंगांनी पेटून उठतात ती बहुशः निर्दोष. त्यांचा पराग जड व चिकट असतो. मैना, बुलबुल, मधमाश्या तो अंगाला लावून नेतात. वाऱ्यावर तो फारसा तरंगत नाही. ज्या झाडाला पाखरांना बोलावण्याची गरजच नाही, ज्याचा पराग वाराच वाहून नेतो, त्याला रंगही लागत नाही आणि गंधही. असे झाड घराजवळ आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. मी नाही म्हणालो. पत्नीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “आपल्या खिडकीबाहेर वावळ आहे.”

त्या वावळाखाली मी कैक वर्षे वाहन उभे करीत आलो होतो. माघात हे झाड निष्पर्ण होते, आणि त्याच्या उघड्या काटक्यांवर हिरवट-तपकिरी रंगाच्या बारीक फुलांचे झुपके धरतात, ते इतके नगण्य की ही फुले आहेत हे सांगितल्यावाचून कळू नये. पुढे त्याच फांद्यांवर पोपटी, गोल, पातळ चकत्यांचे घोस येतात, ज्यांना पाहून झाडाला पालवी फुटली असा भ्रम होतो. वस्तुतः ती फळे, आणि चैत्रवैशाखात ती वाळून कागदासारखी भिरभिरत साऱ्या अंगणात उतरतात. या झाडाचा पराग वावड्याला कारण होतो हे आपल्या देशातल्या वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. डॉक्टरांनी हेही बजावले की खात्री करावयाची तर त्वचेवरची चाचणी हवी, एवढ्या लहान वयात ती तूर्त नको. आणि परागाचे वावडे इतक्या लवकर सहसा दिसत नाही, कारण एकदोन हंगाम परागाशी गाठ पडल्यानंतरच शरीर त्याच्याशी वैर धरू लागते. परंतु पत्नीला लहानपणापासून हाच त्रास आहे आणि मनूने दोन वसंत याच खिडकीशी काढले आहेत, तेव्हा संशयाला पुरेसा आधार होता. सेटिरिझिनचे पातळ औषध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, बाहेरून आल्यावर तोंड धुऊन कपडे बदलणे, कोरड्या वाऱ्याच्या सकाळी खिडक्या बंद ठेवणे, तिचे कपडे बाहेरच्या दोरीवर न वाळवणे, आणि धुरी पूर्णपणे वर्ज्य. एवढा उपाय त्यांनी सांगितला, आणि पाचसहा दिवसांत शिंका पुष्कळ कमी झाल्या.

डॉक्टरांकडे गेलो त्या रात्री मी या विषयावर जे हाती लागेल ते वाचत बसलो. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली स्वतः या व्याधीने पीडित होते. लोक तिचे खापर उन्हावर व उष्म्यावर फोडीत असता त्यांनी स्वतःच्याच नाकाडोळ्यांवर प्रयोग केले, चिकट लेप दिलेल्या काचा पतंगांना बांधून आकाशात चढवल्या, उंचावरच्या हवेतही परागकण असतात हे त्या काचांवर मोजून दाखवले, आणि १८७३ साली ते सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ज्या गोष्टीची शहानिशा दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने स्वतःचा देह झिजवून केली, तिची दखल आमच्या फाटकावर घेतली जाऊ नये, याचा मला अधिक खेद वाटतो.

आता त्या सकाळविषयी. सहल एम्प्रेस गार्डनला जावयाची होती. आधल्या आठवड्यात सूचनापत्रक आले होते: टोपी, पाण्याची बाटली, डब्यात कोरडा खाऊ, गळ्यात नावाचा बिल्ला. मनूने टोपी रात्री उशाशी घेतली होती, आणि बसमध्ये कसे चढायचे याची तालीम आमच्या दिवाणखान्यातल्या पाटावर दोन दिवस चालली होती: आधी पिशवी पायरीवर ठेवायची, मग कठडा धरायचा, मग पाय. फाटकाशी मुख्य बाई हातात यादी घेऊन उभ्या होत्या. ताप पाहण्याचे यंत्र मनूच्या कपाळासमोर धरले गेले, ताप नव्हता. यादीतल्या तिच्या नावापुढे खूण होणार, तोच मनू शिंकली, आणि नाकातून पाणी आले.

“हिला सर्दी आहे. आज नेता येणार नाही.”

मी शांतपणे सांगितले की ही सर्दी नव्हे, ही संसर्गाने पसरत नाही, उपचार चालू आहेत. त्यांनी सूचनापत्रकाच्या पाठीमागचे नियम दाखवले. वाहते नाक असलेल्या मुलास पाठवू नये, असे तेथे खरोखरच छापलेले होते. डॉक्टरांचा दाखला आहे काय, असे त्यांनी विचारले. औषधाची चिठ्ठी घरी होती, दाखला नव्हता, कारण तो लागेल हे कोणी कळवलेच नव्हते. मी डॉक्टरांना त्याच क्षणी फोन लावून देण्याची तयारी दाखवली. “तोंडी चालत नाही,” असे उत्तर मिळाले. माझ्यामागून आलेला एक मुलगा त्याच वेळी खोकत होता, चांगला घोगरा खोकत होता. फाटकाशी पोहोचेपर्यंत त्याची उबळ थांबली, कपाळ थंड निघाले, आणि तो बसमध्ये चढला. त्या बालकाविरुद्ध मला काही म्हणावयाचे नाही. तो गेला याचा मला आनंदच आहे. परंतु नाकातले पाणी दिसते आणि छातीतला कफ दिसत नाही, म्हणून निकाल असा लागावा, हे कोणत्या न्यायात बसते? काकूंनी काटेसावरीला दोषी ठरवले तेही ती लालभडक दिसते म्हणूनच. जे दिसते त्याच्यावर आळ घेणे सर्वांत सोपे, आणि तेवढ्यावर प्रकरण निकालात काढणे त्याहून सोपे.

या वादात मनू काय करीत होती ते मला पत्नीने नंतर सांगितले, कारण माझी पाठ तिच्याकडे होती. ती हळूच बसपाशी गेली, तालमीप्रमाणे आपली पिशवी पहिल्या पायरीवर ठेवली, आणि कठडा धरण्यासाठी हात वर केला. तिथल्या मावशींनी स्वतःच्या पदराने तिचे नाक पुसले आणि बाईंना म्हणाल्या, “जाऊ द्या ना बाई, मी माझ्यापाशी बसवते हिला.” त्या मावशींचे उपकार मी विसरणार नाही. बाईंनी मान हलवली. पिशवी उचलून पत्नीच्या हातात देण्यात आली, बसचे दार लागले, आणि मी वळलो तेव्हा मनू रडत नव्हती. ती टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट धरून, जणू टोपी नीट असली तर दार पुन्हा उघडेल अशा एकाग्रतेने, बसकडे पाहत होती. “मनूची पण बस,” एवढेच ती म्हणाली, आणि ते आम्हांला उद्देशून नव्हते. दुसऱ्या दिवशी सहलीची वर्गणी पाकिटात घालून परत आली. हिशेब चोख होता. ते पाकीट पाहून मला जो संताप आला तो फाटकाशीही आला नव्हता.

सहलीच्या त्या दिवसाची मी रजा टाकली होती. मनूला आपणच एम्प्रेस गार्डनला न्यावे असे पत्नीचे म्हणणे होते. तेथील जुन्या, प्रचंड वृक्षांची सावली मला स्वतःला बालपणापासून प्रिय आहे. परंतु तिला हवी होती ती सावली नव्हे, तिला बस हवी होती, आणि बसमधली मुले. आम्ही घरीच राहिलो.

पुढे पाडवा आला. मनूने कडुनिंबाचा कोवळा पाला गुळाबरोबर चाखून थुंकला आणि गुढीची साखरगाठी उतरेपर्यंत तिच्याखालून हलली नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घर बायकामुलांनी भरले. आंब्याची डाळ, पन्हे, कलिंगडाच्या फोडी आणि ओटीतले भिजवलेले हरभरे यांत ती इतकी रमली की बालवर्गातल्याच दोन मुलींना तिने हाताला धरून गौरीपुढे नेले. त्यांच्या आयांपैकी कोणी मागे सरले नाही. वळवाच्या पहिल्या सरीनंतर हवा धुतली गेली आणि संध्याकाळी आम्ही टेकडीवर जाऊ लागलो. वाटेत ती वावळाच्या वाळलेल्या चकत्या वेचून टोपीत भरते. त्यांत पराग नसतो, तेव्हा मी अडवीत नाही.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना मी आग्रहाने सांगेन की शिंकांची टिपणे ठेवा: कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, ताप आहे की नाही, शेंबूड पातळ की घट्ट, किती दिवस. साधी सर्दी बहुधा आठदहा दिवसांत उतरते. वावडे फूल सरेपर्यंत ठाण मांडते. यातून डॉक्टरांना निम्मे उत्तर मिळते. आणि ज्यांच्या हाती यादी असते त्यांनी एवढी चौकशी फाटकाशी केली तर दोन मिनिटांहून अधिक वेळ जाणार नाही.

तरीही तो नियम रद्द व्हावा असे मी म्हणू शकत नाही. मागच्या आषाढात त्याच वर्गातून आलेल्या तापाने आमचे सारे घर अंथरुणाला खिळले होते, आईला तर महिनाभर खोकला पुरला, आणि तेव्हा आजारी मुले वर्गात घेतातच कशी, असे मीच तावातावाने बोललो होतो. वीसएक तान्ह्या जिवांची जबाबदारी अंगावर असलेल्या बाईंनी फाटकाशी माझ्या शब्दावर विसंबावे, ही अपेक्षा रास्त आहे की नाही याचा निर्णय मला करता येत नाही. एखाद्या रात्री वाटते की त्यांनी कर्तव्य केले. सकाळी मनू टोपी शोधू लागली की तो समजूतदारपणा टिकत नाही.

दरम्यान इमारतीच्या सभेत कोणीतरी वावळ तोडण्याची तजवीज करावी असा ठराव आणला, आणि तो माझ्या मुलीच्या नावाने आणला. मी उठून विरोध केला. १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून शहरातले झाड तोडता येत नाही हे तर मी सांगितलेच. पण परवानगी मिळत असती तरी मी विरोध केला असता. पराग मैलोगणती वाहतो, एक झाड पाडून नाक कोरडे होत नाही, आणि त्या झाडाच्या सावलीत आमची अर्धी इमारत उन्हाळा काढते. ठराव बारगळला, ज्यांनी तो सहानुभूतीने मांडला होता ते माझ्यावर किंचित रुष्ट आहेत.

डॉक्टरांनी आता रीतसर दाखला लिहून दिला आहे: सदर बालिकेस होणारा त्रास संसर्गजन्य नाही, इत्यादी. तो बालवर्गात दाखल करावा की नाही, यावरून आमच्या घरात बरेच दिवस मतभेद होता. ज्या मुलीला ताप नाही, व्याधी पसरत नाही, तिने इतर मुलांत बसण्यासाठी मोहोरबंद कागद का बाळगावा, असे माझे म्हणणे, आणि मी त्यावर अडून होतो. पत्नीने काही न बोलता गेल्या सोमवारी त्याची नक्कल बाईंच्या हाती देऊन पोचही घेतली. पुढच्या फाल्गुनात पुन्हा सहल आहे, आणि मनूला जायचे आहे, असे ती म्हणाली.