चाळिशी

आपल्या मराठीत वयाला आणि चष्म्याला एकच नाव आहे, हे मोठे मार्मिक आहे. चाळिशी आली की चाळिशी लागायचीच! वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे अक्षर लांब धरावे लागते. मी हजेरीपट हात लांब करून वाचू लागलो तेव्हा वर्ग हसला. पण मी ते मनावर घेतले नाही.

मनावर घ्यावे लागले ते दादांच्या सहस्रचंद्रदर्शनाला. फोटो मी काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो झकास दिसला. रात्री संगणकावर पाहतो तो पुढली समई ठसठशीत, आणि दादांचा चेहरा धुक्यात!

दुसऱ्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवूनच चष्मेवाल्याकडे गेलो. माणूस दहा फुटांवर, पडदा फूटभरावर, आणि व्ह्यूफाइंडरातले चित्र डोळ्याला मीटरभर लांब भासणारे! एका भिंगाने हे तीन संसार कसे सांभाळावेत? अखेर बायफोकल ठरला. वरून माणूस पाहायचा, खालून पडदा. व्ह्यूफाइंडरशेजारची बारीक चकती मात्र चष्मा लावूनच फिरवायची, आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत.

नवा चष्मा आला, तसे दादांना पुन्हा समईमागे बसवले. ते हसून म्हणाले, "अरे, पहिलाच राहू दे की! मला तरी तू हल्ली स्पष्ट कुठे दिसतोस?"

मी चष्मा पुसला. काच स्वच्छच होती.