बाबांच्या ड्रिलची बॅटरी



आषाढात आमच्या आई न्हाणीघरात घसरल्या. हाड शाबूत राहिलं, पण भिंतीला धरायला स्टीलचा दांडा आता लावायलाच हवा होता. ड्रिल घरात होतंच. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जाण्याच्या आदल्या वर्षी घेतलेलं, बिनवायरचं, १८ व्होल्टचं, दोन बॅटऱ्यांसकट. घेतलं होतं याच दांड्यासाठी. ते काम राहून गेलं, आणि ड्रिल मी स्वतः टिनाखालच्या माळ्यावर टाकलं. बॅटरी तशीच आत खोचलेली. कामठीचे दोन उन्हाळे तिनं तिथे काढले. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात, टिनाखाली काय होत असेल ते विचारू नका.

चार्जरला लावली तर लाल दिवा नुसता लुकलुकायचा. दुसरी बॅटरी सापडेना.

ह्यांनी मोबाईलवर बघून उपाय काढला: दुसऱ्या बॅटरीच्या वायरी हिला दोन मिनिटं टेकवायच्या, म्हणजे ती जागी होते. इन्व्हर्टरची बॅटरी समोरच होती. मी वायरी हातातून काढून घेतल्या. आमचं चांगलंच वाजलं. शेवटी शेजारच्या इलेक्ट्रिशियन भाऊंना बोलावलं. त्यांनी मीटर लावला. १८च्या जागी जेमतेम ८.

"ताई, आत ३.६ व्होल्टचे पाच सेल असतात. वापरा, नाहीतर ठेवा, थोडं थोडं उतरतच राहते. गरमीत अजून जल्दी. एक सेल अडीचच्या फारच खाली गेला का आतलं तांबं विरघळू लागते. मग जबरदस्तीनं भरलं तर आतल्या आत शॉर्ट होऊन पेटू शकते."

आई खाटेवरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आठ उपवासांनंतर कोणी पहिल्यांदा पुरणपोळी वाढतं का? आधी मुगाचं पाणी."

भाऊ हसले. "आजी बरोबर बोलून राहिल्या. चांगला चार्जरबी आधी थोडाच करंट देते, सेल सावरले तर मग पूर्ण. पण हिचे सेल पारण्याच्याही पलीकडे गेले."

मला फार लागलं ते. बाबांची वस्तू माझ्या हातून मेली होती. नवी बॅटरी घ्यायची तर जवळपास अर्ध्या ड्रिलचे पैसे.

दुसऱ्या दिवशी स्वाध्यायाची पुस्तकं काढायला बाबांच्या खोलीतलं लाकडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, दुसरी बॅटरी. वर चिठ्ठी, बाबांच्या अक्षरात: "दोन दिव्यांवर ठेवणे. पूर्ण भरून नको, रिकामी नको. उन्हात नको." चारपैकी दोन दिवे म्हणजे अर्धी. लिथियमची बॅटरी बरेच दिवस ठेवायची तर अर्धी भरून, थंड जागी, अवजारातून काढून ठेवावी हे बाबांना माहीत होतं. पूर्ण भरलेली गरमीत ठेवली तरी लवकर म्हातारी होते. (आपल्या जुन्या टॉर्चच्या निकेल-कॅडमियम सेलना पूर्ण उतरवायचा सल्ला द्यायचे, तो इथे लावू नका.)

बटण दाबलं. एक दिवा लागला.

चार्जरवर तिचा दिवा हिरवा झाल्यावर भाऊंना पुन्हा बोलावलं. भिंतीच्या फटीत मुंग्यांची रांग होती, म्हणून आईंनी कामच थांबवलं. मऊ कुंच्यानं वाट मोकळी केली, जागा वीतभर सरकवली, मग चार भोकं. सूर्यास्ताच्या जेवणाआधी दांडा लागला.

मेलेली बॅटरी भंगारवाल्याला द्यायला मन घेईना. पोरं ती दगडानं फोडतात. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नागपूरला जाणं होईल तेव्हा देईन. तोवर तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वाळू भरलेल्या डब्यात, अंगणाच्या सावलीत ठेवली आहे.

चांगली पुन्हा त्याच धोतरात गुंडाळली, दोन दिव्यांवर. चिठ्ठीवर बाबांच्या ओळीखाली मी तारीख लिहिली आहे. दिवाळीच्या आवराआवरीत पुन्हा बटण दाबून बघायचं आहे.

आई आता न्हाणीघरात जाताना दांड्याला हात लावतात आणि "लागला एकदाचा" असं रोज म्हणतात. कोणाला म्हणतात, ते मी विचारत नाही.