वझीर काळेच्या मुंबईत

‘फॉलआऊट: न्यू वेगस’ हा गेम २०१० साली आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला प्रकाशक कंपनीनं सांगून ठेवलं होतं की, समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर शंभरपैकी ८५ गुण पडले तर बोनस मिळेल. पडले ८४. बोनस गेला. स्टुडिओतल्याच एका लेखकानं पुढे हे जाहीरपणे सांगितलं. ज्यांच्या घरात दहावीचा निकाल लागलेला आहे, त्यांना यातली मेख वेगळी समजावून सांगायला नको.

गेमला असे गुण द्यायची पद्धत जुनी आहे. ग्राफिक्सना इतके, आवाजाला इतके, कथेला इतके, मग बेरीज. माझा भाचा तर एवढाही धीर धरत नाही. “मावशी, भारी आहे की फालतू, तेवढं सांग.” मी अधूनमधून गेमवर लिहिते, म्हणून त्याला वाटतं की उत्तर माझ्याकडे तयार असणार. ते नसतं. सिनेमा बघताना मी खुर्चीत बसलेली असते आणि पडद्यावरचा माणूस खून करतो. गेममध्ये बटण माझ्या अंगठ्याखाली असतं. त्यामुळे गेम काय दाखवतो याच्याआधी मी बघते की तो माझ्या हातांना कोणत्या कामाला लावतो आणि तेच काम तासन् तास करताना माझं काय होतं. चित्र सुंदर आणि काम भिकार, असे गेम पुष्कळ. उलटे नमुनेही आहेत, आणि ते जास्त गमतीचे.

उदाहरणार्थ, धालसिम. कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१चा. आमच्या गावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मुलींनी जायची पद्धत नव्हती. मी भावाला बोलवायचं निमित्त काढून दारात उभी राहायचे आणि तिथून दिसेल तेवढं बघायचे. त्यात आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून हा योगी. गळ्यात कवट्यांची माळ, हातपाय रबरासारखे लांबणारे, ‘योगा फायर’ म्हणत तोंडातून आग काढणारा, मागे हत्तींची रांग. पार्लरमधली पोरं त्याला हसायची आणि जपानी किंवा अमेरिकन गडी निवडायची. पुढे मोठेपणी, स्वतःच्या पैशानं, मी तो निवडून खेळायला लागले. चित्र आजही तितकंच हास्यास्पद वाटतं. पण धालसिम खेळायचा म्हणजे अंगावर धावून जायचं नाही. तो हळू आहे, त्याला मार सोसत नाही. समोरच्याला हातभर लांब ठेवायचं, त्यानं उतावीळ होऊन उडी मारेपर्यंत थांबायचं आणि मग पाय लांब करायचा. बनवणाऱ्यांनी वेश मूर्खासारखा दिला, पण खेळण्याची रीत अशी दिली की त्याच्यासाठी खरोखर चित्त थाऱ्यावर लागतं. याला गुण किती द्यायचे?

हाच घोळ मोठ्या पटावर ‘हिटमॅन टू’मध्ये आहे. कोपनहेगनच्या आयओ इंटरॲक्टिव्हचा हा गेम २०१८चा, आणि त्यातली एक लेव्हल मुंबईत घडते. आपण एजंट ४७. टक्कल, डोक्याच्या मागे बारकोड, भाडोत्री मारेकरी. मारायचे तिघे: दाऊद रंगन, वान्या शाह आणि वझीर काळे. हे तिसरं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गेम थांबवून हसून घेतलं. हा काळे समुद्री चाचा आहे. कुठल्या गावचे काळे, ते सांगितलेलं नाही. बाकी मालमसाला अपेक्षेप्रमाणेच: झोपडपट्टी, अर्धवट उभा टॉवर, सिनेमाचं शूटिंग, रेल्वे यार्ड, धोबीघाट. मराठी तर सोडाच, सगळे इंग्रजीतच बोलतात. तपशिलावर बोट ठेवायला बसलं तर संध्याकाळ होईल.

तरीही परदेशी स्टुडिओंनी उभ्या केलेल्या भारतात मला हीच जागा सगळ्यात खरी वाटते, आणि त्याचं कारण रंगरंगोटीत नाही. काळेचा चेहरा कुणालाच माहीत नाही. गर्दीत फिरायचं, कोण कुणाशी दबकून बोलतं ते कान देऊन ऐकायचं, आणि माणूस हुडकून काढायचा. दुसरं म्हणजे कपडे. या गेममध्ये बंद दारं कपड्यांनी उघडतात. कपडे धुणाऱ्याचा सदरा घातला की धोबीघाटात कुणी हटकत नाही. शूटिंगवाल्याचा शर्ट चढवला की सेटवर मोकळीक. तोच शर्ट घालून गुंडांच्या जागेत गेलात की लगेच, “तू इथं काय करतोस?” पहारेकरी चेहऱ्याकडे बघतच नाहीत. ओळखतो तो त्या-त्या जागेचा मुकादम, कारण त्याला आपली माणसं माहीत असतात. मुंबईत एकदा तरी सोसायटीच्या वॉचमनसमोर उभं राहिलेल्या कुणालाही हा नियम नवा नाही. डिलिव्हरीवाल्या पोराला वेगळी लिफ्ट, कामाच्या बाईंना वेगळी, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेल्या अनोळखी माणसाला सलाम. डेन्मार्कच्या लोकांना हे मुंबईबद्दल माहीत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या गेमचा नियम सगळ्या शहरांत एकच आहे. पण तो इथं असा काही चपखल बसला की, गोऱ्या टकल्या माणसाला धोब्याच्या सदऱ्यात कुणी कसं ओळखत नाही, हा प्रश्न थोड्या वेळानं मी विचारायचाच सोडला.

आता याच्यासमोर ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ ठेवा. नॉटी डॉगचा, २०१७चा. डोळ्यांना विचाराल तर पहिला नंबर याचाच. नायिका क्लोई फ्रेझर, तिचे वडील भारतीय. शोध गणपतीच्या दाताचा, जागा पश्चिम घाट, अवशेष होयसळांचे. दात तुटल्याची जी कथा क्लोई सांगते, तीही आपल्या ओळखीची: शंकर झोपलेले, दारात गणपती, समोर परशुराम आणि उगारलेला परशू. कोकणात वाढलेल्या माणसाला अशा गेममध्ये परशुराम भेटावा, यात सुख आहेच. घाटातल्या पाण्याचा आवाज, ओल्या मातीवरून घसरणारी जीप, सगळं जमून आलेलं.

पण मी सह्याद्रीत थोडीफार भटकलेली बाई आहे. या घाटात माणूसच नाही! सुरुवातीला शहरातला बाजार येतो, तिथं एक चुणचुणीत मुलगी भेटते. एकदा का घाटात शिरलो की बंडखोर सैनिक सोडून कुणी नाही. ना धनगराचा वाडा, ना गुरांची वाट, ना देवराई, ना पाणवठ्यावर “कुठून आलात?” विचारणारी म्हातारी. आपल्याकडे कुठल्याही आडबाजूच्या गडावर दमून पोचावं, तर तिथं लिंबू सरबताची टोपली आधीच येऊन बसलेली असते. इथं ओसाड अवशेष नायिकेचीच वाट बघत ताटकळलेले. आणि ते अवशेष तरी कसे? बेलूरचं मंदिर १११७ सालचं. होयसळांचं काम बुटकं, ताऱ्याच्या आकाराच्या जोत्यावर बसलेलं, मऊ दगडात दागिन्यासारखं कोरलेलं. तिथं वाकून, नाक लावून बघायचं असतं. गेमनं त्याचे डोंगराएवढे पुतळे केले, कारण चढायला काहीतरी हवं. हात तिथं काय करतात? कंट्रोलरची काठी वर ढकलायची, बटण दाबायचं, क्लोई बरोबर ती खोबण पकडते. घसाऱ्यावर पाय ठेवताना पोटात जो गोळा येतो तो नाही, कारण दगड निसटतो तोही गोष्टीनं ठरवलेल्या जागीच. हत्तीवरही बसवतात. धालसिमपासून सव्वीस वर्षं झाली, हत्ती काही सुटत नाही.

एक गोष्ट मात्र आवडली. क्लोई मध्येच खिशातून फोन काढून समोरच्या देखाव्याचा फोटो घेते. तेवढ्यापुरते हात शांत असतात आणि आपण खरंच बघतो.

इतिहासाच्या बाबतीत आपण मराठी माणसं फार लवकर खूश होतो. ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा २००९चा इंग्लिश गेम, त्यात १७०० सालापासून मराठे म्हणून खेळता येतं. भगवा घेऊन युरोपात उतरल्याचे व्हिडिओ पोरं अजून टाकतात. आता १७०० साल आठवा. त्याच वर्षी राजाराम महाराज सिंहगडावर वारले, सातारा औरंगजेबाच्या हाती पडला आणि ताराबाईंनी कारभार अंगावर घेतला. राज्य तेव्हा घोड्याच्या पाठीवर होतं. गेममध्ये मात्र मी राजधानीत बसून रस्ते बांधते, कर गोळा करते आणि मैदानात बंदूकवाल्यांच्या सरळ रांगा लावते. शत्रूला दमवून, चकवून निसटून जायचं म्हटलं तर गेम त्याला हार म्हणून मोजतो. ज्या युक्तीवर मराठे सत्तावीस वर्षं तगले, तीच पराभवाच्या खात्यात! झेंडा आपला आणि कवायत इंग्रजांची.

पब्जीवर इथं फार लिहीत नाही, घरोघरी त्याची वेगळी सुनावणी चालू असते. सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, पुढल्या वर्षी तो नवं नाव घेऊन परतला आणि रक्ताचा रंग हिरवा झाला. पालकांची समजूत घालायला तो रंग, हातांना काहीच फरक पडला नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ आला तेव्हा माझ्यावर दोन्हीकडून दबाव होता. आपल्या गावच्या लोकांनी लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही नेटानं तडीस नेलेला गेम, कौतुक करायलाच हवं, असं एक मन. आणि त्याच कारणानं काही बोलायचं नाही का, असं दुसरं. राजी ही सर्कशीतली मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली. दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत तिची गोष्ट सांगतात. खांबाला गिरकी घेऊन ती उडते, भिंतीवरून धावते, तेव्हा ती डोंबाऱ्याची पोर आहे हे कुणी सांगावं लागत नाही, बोटांना कळतं. तेवढ्यासाठी मी तो पुन्हा खेळेन. पण लढाई जड हाताची आहे, आणि गोष्ट रंगात आलेली असताना गेम असा तुटतो की मला वाटलं लाईट गेले. हे मी तेव्हा लिहिलं. एका वाचकानं ‘आपल्याच माणसाचे पाय ओढता’ असं कळवलं. माझ्या मते ‘आपलं आहे म्हणून चांगलं’ हाच त्या मेहनतीचा खरा अपमान होता.

रॉजर एबर्ट या अमेरिकन सिनेसमीक्षकानं २०१०मध्ये ठासून लिहिलं होतं की, व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाहीत. त्याचा एक मुद्दा असा की गेम जिंकता येतो, कलाकृती जिंकता येत नाही. त्यावर एवढा गदारोळ झाला की काही महिन्यांत, न खेळता बोलायला नको होतं, असं त्यानंच कबूल केलं. २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयानं चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यात १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्हनं केलेला ‘टेट्रिस’ही होता. जिंकण्याच्या मुद्द्याला ‘टेट्रिस’ पुरेसा आहे. सात आकार, गोष्ट नाही, खलनायक नाही, आणि शेवटी प्रत्येकजण हरतोच. ठोकळे वरपर्यंत चढणार हे ठाऊक असूनही माणूस एक-एक ओळ मिटवत राहतो.

पण एबर्टला मी खेळायला बसवलं असतं ते लुकस पोपच्या ‘पेपर्स, प्लीज’समोर. हा २०१३चा. चित्रं मळकट, रंग चिखलाचे, ग्राफिक्सला माझा भाचा दहापैकी दोन देईल. साल १९८२, आर्स्टोत्स्का नावाचा काल्पनिक देश, आणि आपण सरहद्दीवरच्या खिडकीतले कारकून. पासपोर्ट घ्यायचा, फोटो, तारीख, शिक्का, परवाना ताडून बघायचा, मंजूर की नामंजूर ते उमटवायचं. दर माणसामागे पैसे. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, पुढच्या चुकीला दंड. संध्याकाळी हिशेब: भाडं, जेवण, शेकोटी, बायको, मुलगा, सासू, काका. रोज सकाळी नवा नियम. एक नवरा येतो, त्याचे कागद बरोबर. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे परवाना नाही. हातात शिक्का आणि मागे लांबलचक रांग. मी तिला सोडलं. त्या दिवशी तशी चैन परवडण्यासारखी होती. ज्या संध्याकाळी मुलगा आजारी होता, त्यानंतर मात्र माझ्या शिक्क्याचा वेग वाढला आणि माणसांच्या चेहऱ्याकडे बघणं कमी झालं. सरकारी खिडकीच्या अलीकडे मी आयुष्यभर चडफडत उभी राहिले आहे. पलीकडे बसवलं ते या गेमनं.

माझे मामा जकात नाक्यावरून निवृत्त झाले. त्यांना एका सुट्टीत हा गेम लावून दिला. इंग्रजी मी वाचून दाखवत होते, माऊस त्यांच्या हातात. तारखेतली खोट त्यांना माझ्याआधी दिसायची. बराच वेळ गंभीरपणे शिक्के मारून झाल्यावर ते म्हणाले, “अगं, सगळं ठीक आहे, पण ओळखीचं कसं कुणी येत नाही? साहेबाचा निरोप नाही, चहा नाही. असा नाका असतो का कुठं?”

“मामा, तुम्ही खेळा तर पुढे.”

पुढे बऱ्याच दिवसांनी, म्हणजे गेममधल्या, खुद्द वरिष्ठ अधिकारी खिडकीशी आला आणि बजावून गेला की माझी एक स्नेही येणार आहे, तिला अडवू नका. मी वाचून दाखवलं. मामांनी चष्मा काढून पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, “आत्ता कसं! आण आता चहा.”