घड्याळ विसरले

आज सरांनी माझ्या खो-खोच्या बातमीतली 'थरारक', 'रोमहर्षक', 'चुरशीची' ही तिन्ही विशेषणं लाल पेनानं उडवली. "पळणारी किती मिनिटं टिकली, ते लिही." तेच टिपलं नव्हतं, टाळ्या वाजवत बसले होते ना! क्रिकेटचं बरं असतं, धावफलक आयता मिळतो.

रात्री खाशाबा जाधवांविषयी वाचलं. हेलसिंकी, १९५२, कुस्तीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या गर्दीत, गुलालात, कुणीतरी गाड्या मोजत उभं राहिलं असणार. मला त्याच माणसाचा हेवा वाटला. (पदकाचा वाटून उपयोग नाही, मला साधी दोरीउडी जमत नाही.)

उद्या पुन्हा सामना आहे. बाबांचं जुनं स्टॉपवॉच पिशवीत टाकलंय.